तीन पालटांच्या आतलं घर

"धरा," म्हणून मामा पिशवी पुढे करायचे.

समोरचा माणूस नवा असला की आधी मामांच्या तोंडाकडे बघायचा आणि मग पिशवीकडे. बारदानाची, सुतळीनं शिवलेली पिशवी, आत दहा किलो बटाटे. भाड्याचं घर बघायला आलेल्या माणसाला कोणी बटाटे धरायला देईल अशी त्याची कल्पना नसायची. "धरा की. घर बगायचंय न्हवं?" असं म्हणून मामा पिशवी त्याच्या हातात द्यायचे आणि स्वतः मोकळ्या हातांनी पुढे चालू लागायचे.

बसस्टॉपपासून घराच्या दारापर्यंत ती पिशवी घर बघणाऱ्यानं न्यायची, ही त्यांची पद्धत होती. वाटेत ते अवाक्षर बोलायचे नाहीत. अधूनमधून मागे वळून बघायचे आणि एकेक बोट मिटायचे. या हातातली पिशवी त्या हातात गेली की एक पालट. दारात पोचलं की निकाल. "तीन पालट. घ्या, जवळ हाय." किंवा, "सात झालं. ह्यात ऱ्हानार तुमी? म्हैन्याभरात बाजाराला जायचं सोडून द्याल." तीन पालटांच्या आतलं घर तेवढं त्यांच्या लेखी जवळचं. किलोमीटर आणि मिनिटं यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मिनिटं प्रत्येक दलालाची वेगळी असतात, असं ते म्हणायचे. तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात नवी मुंबईत घर शोधलं असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. सातारा जिल्ह्यातल्या जावळीकडचे. पहाटे ट्रक खाली करायला लागायचे, दुपारी दोनला मोकळे व्हायचे आणि मग लोकांना घरं दाखवायचे. उंची बेताची, मान आखूड आणि जाड, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. खांद्यावर पंचा असायचाच. टोपी काढली की टाळूवर केस उडालेली गोल जागा दिसायची. ते केस वयानं नाही, ओझ्यानं गेलेत, हे ते अभिमानानं सांगायचे.

दलाली ते घ्यायचे आणि चोख घ्यायचे. फुकट काम करणाऱ्यावर भरवसा ठेवू नये असं त्यांचं मत होतं. पण घर पिशवीच्या परीक्षेत नापास झालं, तर गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी ते त्या व्यवहारात पडायचे नाहीत. बाकीचे दलाल त्यांना हसायचे. त्या दलालांकडे स्कूटर होत्या आणि एकाकडे तर पांढरी व्हॅन होती. ती व्हॅन पुढे येणारच आहे.

मी तेव्हा महाप्याला एका औषधांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. माझा नवरा दिलीप फोर्टमध्ये. आम्ही राहायचो त्याच्या थोरल्या बहिणीकडे, कुर्ल्याला. दोन खोल्या आणि सात माणसं. आठवं माणूस मावत नव्हतं म्हणून आमची मुलगी सई मिरजेला माझ्या आईकडे होती. तिला सहावं वर्ष लागलेलं, जूनमध्ये पहिलीत जायची. फेब्रुवारीत आईचं पत्र आलं, 'इथल्या शाळेचा फॉर्म आणून ठेवलाय. भरू का?'

तो फॉर्म भरला की सई आणखी एक वर्ष माझ्यापासून लांब राहणार होती, आणि एकाची दोन वर्षं व्हायला वेळ लागत नाही हे मला कळत होतं. आधीच ती सुट्टीत भेटले की पहिला अख्खा दिवस मला 'अहो आई' म्हणायची. मी आईला उलटटपाली कळवलं, 'भरू नकोस. मे संपायच्या आत घर मिळवते.' हे मी अशा ठसक्यात लिहिलं की घराची किल्ली जणू माझ्या पर्समध्येच पडली होती.

किल्लीचा पत्ता नव्हता. आमच्याकडे गाडी नव्हती, स्कूटर नव्हती, एक सायकल होती ती मिरजेला. वाशीत स्टेशनाजवळ घर घ्यावं तर आमचे दोघांचे पगार त्याला पुरेनात. परवडणारी घरं पुष्कळ होती, पण ती अशा ठिकाणी की तिथून महापे गाठायला मला दोन बस लागल्या असत्या आणि शाळा सुटल्यावर सईला कोण आणणार हा प्रश्न उरला असता. माझ्या बरोबरच्या एका बाईनं मग सांगितलं, मार्केटमध्ये जा आणि घरवाले मामा म्हणून विचार, कोणीही दाखवेल.

पहिल्यांदा दिलीप एकटाच गेला. मामांनी त्याला विचारलं, "घरात पिशवी कोन धरनार?"

दिलीप सरळ माणूस. तो म्हणाला, "बहुतेक तीच."

"मग तुमी कशाला आलाय?"

दिलीपला त्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. घरी येऊन तो फणफणला. "दलाल आहे की सासरा माझा?" मला मात्र त्या दिवसांत पहिल्यांदाच मनापासून हसू आलं. पुढच्या शनिवारी अर्धी सुट्टी झाल्यावर मी स्वतः गेले.

त्यानंतरचे माझे शनिवार बटाट्यांबरोबर गेले. सानपाड्याचं घर पाच पालटांचं निघालं, नेरूळचं सहा. तुर्भ्याचं अडीच. "अडीच कसे, मामा?" मी विचारलं. "पुलाखाली तुमी पिशवी पोटाशी धरली. त्ये अर्धं." तुर्भ्याचं घर पास झालं, पण तिथल्या मालकांना लहान मूल नको होतं. मामांनी त्यांच्याकडे दोन क्षण बघितलं आणि विचारलं, "तुमी थोरच जन्मला व्हता का?" ते घर अर्थातच गेलं. खाली आल्यावर मीच मामांना म्हटलं, बोलला नसतात तर बरं झालं असतं. "तोंडातनं गेलं," ते म्हणाले. "मी लई बोलत न्हाई, पन बोललो की आसं हुतं."

एकदा मी लबाडीही केली. कोपरखैरण्याच्या सेक्टरमधलं एक घर मला फार आवडलं होतं. खिडकीत दुपारचं ऊन यायचं आणि सईचं टेबल तिथे ठेवायचं हे मी बघताक्षणी ठरवून टाकलं. पालट जास्त झाले म्हणून मी परत एकदा चालायला लावलं, आणि त्या वेळी दात दाबून हात बदललाच नाही. बोटं काळीनिळी पडली. दारात मामांनी माझा तळवा उलटा करून बघितला.

"वळ बगा," ते म्हणाले. "रोज आसं दात खाऊन घरी याल व्हय?"

एप्रिल संपत आला तशी ती व्हॅन आली. दिलीपच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्या दलालाचं नाव दिलं होतं. रविवारी सकाळी त्यानं आम्हाला वाशीला गाडीत घेतलं, गार वारा सोडला, गाणी लावली, आणि घणसोलीच्या पुढे खाडीच्या बाजूला एका नव्या कोऱ्या इमारतीत नेलं. दोन खोल्या, बाल्कनी, पांढऱ्या लाद्या, नळाला पाणी. आणि भाडं आम्हाला झेपणारं.

"स्टॉप लांब नाही ना?" मी विचारलं.

"टेन्शन नका घेऊ मॅडम. आपण आत्ता आलो ना, किती लागली? पाच मिनिट. एकदम मक्खन रोड आहे."

पाच मिनिटंच लागली होती, मी घड्याळ बघितलं होतं. बाल्कनीत उभं राहून मी आणि दिलीपनं घर घेऊन टाकलं, म्हणजे मनात. संध्याकाळी विसार द्यायचा ठरलं. खरं म्हणजे मामांकडे जायचं काही कारण नव्हतं. पण दोन महिने त्यांनी माझ्यासाठी पायपीट केली होती, तेव्हा निदान सांगून यावं म्हणून दुपारी मी मार्केटमध्ये गेले. दिलीपला म्हटलं, पेढे घेऊनच येते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. बाल्कनीचं ऐकलं, लाद्यांचं ऐकलं. मग म्हणाले, "पाच मिनटं गाडीनं. गाडी कुनाची?"

"त्या दलालाची."

"त्यो रोज येनार हाय न्यायला?"

मामांनी पिशवी भरली, हातानं तोलून बघितली, दोन बटाटे जास्तीचे टाकले. "धरा."

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या स्टॉपला आम्ही उतरलो तेव्हा साडेतीनचं ऊन होतं. पहिले दोन पालट झाले तोवर मी ताठ होते. मक्खन रोडवर झाड नव्हतं, दुकान नव्हतं, माणूस नव्हतं. सहाव्या पालटाला इमारत दिसायला लागली आणि तिथून ती तेवढीच राहिली, जवळ येईचना. नवव्या पालटाला एक कोरडा नाला लागला. तिथे मी पिशवी खाली टाकली, मोरीच्या कठड्यावर बसले आणि रडले. हात दुखतोय म्हणून नाही. मला ते घर हवं होतं.

मामा थोडं अंतर ठेवून बसले. समजूत काढणं त्यांना येत नव्हतं आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "पोरगी किती किलूची हाय?"

"सोळा."

"निजल्यावर वीसची हुते," मामा म्हणाले.

झालं. पुढे जाऊन इमारत बघायची गरज उरली नाही. पण माझा राग कुणावर तरी निघायचा होता आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "सगळ्यांची घरं मोजता. तुमचं स्वतःचं कितव्या पालटाला आहे?"

मामांनी पंचानं तोंड पुसलं. "माजं? माजं कुनी मोजलंच न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी ते मार्केटबरोबर इकडे आले तेव्हा तुर्भ्याच्या डोंगरउताराला त्यांनी खोली घेतली होती. सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या गारव्यात, मोकळ्या हातांनी जाऊन बघितली, आवडली, घेतली. गावाहून बायकोला आणलं. पाण्याचा नळ खाली रस्त्याला होता, खोली वर. वर्षभर तिनं हंडे वाहिले आणि एक दिवस म्हणाली, मी गावाला जाते. ती गेली ती परत आली नाही. भांडण नाही, तंटा नाही. यात्रेला आणि दिवाळीला मामा गावी जायचे, ती जेवायला वाढायची, चार दिवसांनी ते परत यायचे.

"घर मी बगितलं," मामा म्हणाले. "ऱ्हायचं हुतं तिला."

आणि त्यांनी बटाट्याची पिशवी स्वतःच उचलून डोक्यावर घेतली. पेढे घ्यायचे राहिले. दिलीपनं माझे रिकामे हात बघितले आणि विसाराचे पैसे परत कपाटात ठेवले.

मे महिना अर्धा सरला. आईचं पुन्हा पत्र आलं, शाळेतले लोक विचारतायत म्हणून. मामांचा काही निरोप नाही. मी मनातल्या मनात फॉर्म भरायचं कबूल करून टाकलं होतं, फक्त पोस्टकार्ड लिहायचं बाकी ठेवलं होतं. आणि एका दुपारी कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यानं मला बोलावलं. बाहेर मामा उभे होते. हातात पिशवी.

"धरा," ते म्हणाले. "हितनंच निघायचंय."

घर होतं कोपरखैरणे गावात. सेक्टरमध्ये नाही, जुन्या गावात. एका आगरी आजींनी आपल्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यांची शेती शहर वसवताना गेली होती, आता भाड्यावर चालायचं. गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत आलो तेव्हा मामांनी माझ्याकडून पिशवी घेतली, कारण पुढचं अंतर बसचं आहे, मोजायचं नाही, म्हणाले. उतरल्यावर स्टॉपवर परत दिली. तिथून दोन पालट. तळमजला, नळ आतल्या आत, दारात शेवगा, आणि गल्लीच्या टोकाला शाळा. मी शाळेची पाटी दोनदा वाचली.

आजी ओट्यावर बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मामांना विचारलं, "हिला खोली देवाची?"

"व्हय. हिला."

"नीट इचार केलास ना?"

"केला."

मला वाटलं त्या माझ्या नोकरीबद्दल शंका घेतायत. म्हणून मी लगेच सांगून टाकलं की भाडं वेळेवर मिळेल. आजी नुसत्या हसल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सईला घेऊन आले. दिवसभराच्या प्रवासानं ती बसमध्येच झोपली होती. मामा म्हणाले होते ते खरं होतं, झोपलेलं पोर वीस किलोचं होतं. स्टॉपवरून मी तिला उजव्या खांद्यावर घेतलं, वाण्याच्या दुकानापाशी डाव्या खांद्यावर घेतलं आणि तेवढ्यात शेवगा दिसला. एका पालटात घर. दारात पोचले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी तिला खाली ठेवलंच नाही, कुलूप दिलीपनंच उघडलं. सकाळी सई उठली, नळ सोडून बघितला, बंद केला आणि मला नुसतं 'आई' म्हणून हाक मारली.

त्यानंतर मामा रविवारी यायला लागले. त्यांना लिहिता येत नव्हतं, गावाकडचं पत्र माझ्याकडून लिहून घ्यायचे. तिकडे मामींना गावच्या शाळेतले मास्तर ते वाचून दाखवत. पत्र दर वेळी तेच. पाऊस झाला का. म्हस बरी हाय का. मी बरा हाय. "आणखी काय लिहू?" मी विचारायची. मामा छताकडे बघायचे, खूप विचार करायचे आणि म्हणायचे, "बाकी ठीक लिवा."

दिवाळीच्या आधी आजी आणि मी ओट्यावर बसून करंज्या भरत होतो. आजी सहज बोलून गेल्या, "तुजा नशीब चांगला. ही खोली त्याने बायकोसाटी बोलून ठेवलेली. तीन वरसां सोताच भाडा भरला, दुसऱ्याला देऊ दिली नाय. दर दिवालीला सांगाचा, आता येल ती."

माझ्या हातातली करंजी तशीच राहिली. दोन पालट, आतला नळ, एकही चढ नाही. हे घर कुणासाठी शोधलेलं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि मी पाच महिने तिथे सुखानं पोळ्या लाटत होते.

रविवारी मी मामांना धारेवर धरलं. ते शेवग्याकडे बघत म्हणाले, "तिला इचारलं की मी, यंदा यात्रंलाबी. न्हाई म्हनली. मग घर रिकामं ठिवून उबवायचंय का?"

"हे घर आहे असं तिला सांगितलं होतंत? नळ आत आहे, जवळ आहे, हे सगळं?"

मामा म्हणाले, "पत्र लिवा." आता मला कळतं की त्यांनी फक्त 'येती का' एवढंच विचारलं असणार.

त्या दिवशीच्या पत्रात 'बाकी ठीक' लिहून झाल्यावर मी माझ्या मनानं चार ओळी घातल्या. घर कसं आहे, कुणासाठी ठेवलेलं होतं, आता त्यात कोण राहतं, आणि तुम्ही एकदा येऊन बघा, आवडलं तर आम्ही सोडू. रात्री जेवताना दिलीपला सांगितलं. त्याचा घास थांबला. "आणि सई? तिची शाळा?"

"शोधू दुसरं," मी म्हटलं. "आता मला शोधता येतं." हे मी पहिल्यासारखंच ठसक्यात म्हटलं, पण आतून मला चांगलीच धास्ती होती, आणि पुढचे दोन महिने पोस्टमन आला होता का, हे मी कामावरून आल्याआल्या आजींना विचारायची.

मामी पत्रानं नाही, स्वतःच आल्या. सुगी उरकल्यावर, संक्रांत झाल्यावर. स्टॉपवर आम्ही सगळे उभे होतो. मामांपेक्षा बोटभर उंच, सडसडीत बाई. नऊवारी, हातात एक गाठोडं. मामांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हातात बटाट्याची पिशवी होती. अकरा वर्षांनी बायको इकडे आलेली, तिला 'बरी हाईस का' म्हणायचं सोडून त्यांनी पिशवी पुढे केली.

"धर."

मामींनी पिशवीकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला, त्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली, तिच्यावर पिशवी ठेवली, गाठोडं काखेत मारलं आणि चालायला लागल्या. वाण्याचं दुकान गेलं, शाळा गेली. एकदाही त्यांचा हात पिशवीला लागला नाही. मामा बोटं मिटायला हात पुढे धरून चालले होते. दारात पोचलो तरी पाचही बोटं उघडीच.

"येक बी पालट न्हाई," मामा म्हणाले. आयुष्यभर डोक्यावर ओझी वाहिलेला माणूस, पण बायकांचं ओझं हातात असतं असं त्यानं कसं कोण जाणे धरून ठेवलं होतं.

"डोईवर वझं घेतल्यावर कशाला पालटायचं?" मामी ओट्यावर टेकल्या.

"मग त्या खोलीतनं का गेलीस?" मामांचा आवाज चढला. मी त्यांना तसं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. "पान्याच्या चढाला कटाळून गेलीस न्हवं?"

"पान्याला भिनारी हाय व्हय मी? गावची इहीर त्याच्या दुप्पट लांब हाय." मामींनी पदरानं कपाळ पुसलं. "तुमी पाटं जायचा. आला की निजायचा. उठला की भिताडाकडं बगत बसायचा. समद्या दिसात माझ्यासंगं बोलायला एक हंडा तेवढा हुता."

आजींनी सुपातलं धान्य पाखडायचं थांबवलं. मामा उठले आणि शेवग्याखाली जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. अकरा वर्षं ते चढ मोजत होते, पालट मोजत होते, शेकडो बायकांना त्यांनी जवळची घरं मिळवून दिली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी चहाचं निमित्त करून आत गेले.

आठ दिवसांसाठी आलेल्या मामी आमच्याकडे तीन आठवडे राहिल्या. त्यांची आजींशी गट्टी जमली, वाण्याशी जमली, शाळेच्या शिपायाशीसुद्धा जमली. सईला त्यांनी म्हशीची इतकी वर्णनं सांगितली की ती म्हैस आमच्या घरात राहत असल्यासारखी झाली. मामा रोज दुपारी यायचे. पहिल्या दिवशी ओट्यावर नुसते बसून गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज नाशिकचा ट्रक उशिरा आला. मामींनी विचारलं, का बरं? त्यावर मामांना उत्तर द्यावंच लागलं. हळूहळू ट्रकचा ड्रायव्हर आला, त्याचा भाऊ आला, मार्केटमधली भांडणं आली. एकदा मी कामावरून परतले तर मामा हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि मामी पोटावर हात दाबून हसत होत्या.

घराचा निकाल अजून लागायचा होता. मी विचारायला धजत नव्हते, आणि दिलीप रोज माझ्याकडे बघायचा. शेवटी एका संध्याकाळी मामींनीच विषय काढला.

"घर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "नळ हाय, शेजार हाय. पोरीला शाळा हितंच हाय. तर हिला ऱ्हाऊंद्या हितं. माझं घर हाय की तिकडं, त्यात बोलनारं मानूस तेवढं न्हाई." मग मामांकडे न बघता त्यांनी विचारलं, "चलता का?"

"आन मार्केट?"

"मार्केटचं मला सांगू नगा. चलता का?"

मामा निघाले. निरोपाच्या दुपारी त्यांनी बटाटे आमच्या टोपलीत ओतले, पिशवी झटकली आणि घडी करून माझ्या हातात दिली. "ठिवा. कुनी घर बगाय आलं तर लागंल." ती माझ्या दाराच्या मागे खुंटीला होती, आणि पुढे कारखान्यातल्या नव्या मुली घर शोधायला आल्या तेव्हा लागलीही. फक्त मी हात बदललेले मोजायची नाही. मी त्यांना विचारायची, दुपारी बोलायला कोण आहे तिथे?

त्या दिवशी मामांची ट्रंक मामींनी डोक्यावर घेतली. मामा म्हणाले, मी घेतो. त्या म्हणाल्या, आयुष्यभर तुमी वझं घेतलंया, आता चाला. मामा मोकळ्या हातांनी त्यांच्या शेजारी चालायला लागले. मी आणि सई दारात उभ्या होतो. मामींची पाठ ताठ होती आणि मामा बोलत होते. काय ते एवढ्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण हात सारखे हलत होते. शाळेपाशी मामी थांबल्या, ट्रंक सावरून त्यांच्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या, आणि दोघं पुढे निघाली. गल्लीचं वळण आलं तरी मामा बोलतच होते.